ऑफिसचं रात्रीचं मीटर : सातपूर, नाशिक येथील प्रकल्पाच्या नोंदी

१० फेब्रुवारी

जागा त्र्यंबक रोडलगत, सातपूरच्या अलीकडे. तीन मजली इमारतीचा वरचा मजला, साधारण १,८०० चौरस फूट, बसणारी माणसं २२. काम हिशेबाचं आणि ड्रॉइंगचं. सामान : चार स्प्लिट एसी, नऊ पंखे, १९ डेस्कटॉप, तीन लॅपटॉप, एक मोठा प्रिंटर, ५ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, गरम-गार पाण्याचा डिस्पेन्सर, एक छोटा फ्रिज.

ऑफिस पर्यावरणपूरक करायचं म्हणून पहिल्या बैठकीत कुंड्या, भिंतीवरचे फलक आणि ज्यूटच्या पिशव्या सुचवल्या गेल्या. ते नंतर. आधी मीटर.

पद्धत सोपी आहे. शेवटचा माणूस निघताना महावितरणच्या मीटरचा एक फोटो, सकाळी कुलूप उघडल्यावर दुसरा. फोटोला वेळ आपोआप लागते, त्यामुळे वही लागत नाही. मीटरच्या पडद्यावर बरेच आकडे आळीपाळीने सरकतात. त्यातला फक्त केडब्ल्यूएचचा, म्हणजे युनिटचा, टिपायचा. केव्हीएएच आणि केव्हीए यांच्याशी त्याची गल्लत फार होते, म्हणून एकक फोटोत दिसलंच पाहिजे.

संध्याकाळी ७:३० ते सकाळी ९ : १६.२ युनिट. साडेतेरा तासांनी भागलं तर सरासरी १.२ किलोवॅट, तेही आत कोणी नसताना. शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ : ४५ युनिट.

१२ फेब्रुवारी

हे १.२ किलोवॅट कुठे जातात ते शोधलं. प्लगच्या उपकरणांना १६ अँपिअरचा वॅटमीटर लावला. थेट जोडलेल्यांसाठी वायरमनला बोलावून डीबी, म्हणजे वीज वाटून देणारी पेटी, उघडली.

तिथे क्लॅम्प मीटर वापरला, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा बसवून करंट मोजणारा. त्याबद्दल दोन गोष्टी. क्लॅम्प एकाच वायरभोवती बसवायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत आल्या तर आकडा शून्याजवळ येतो आणि उपकरण बंद आहे असं वाटतं. दुसरं, अँपिअरला २३० ने गुणून येतात ते वॅट नव्हेत. कॉम्प्युटर, एलईडी, यूपीएस यांचा पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले हा गुणाकार) कमी असू शकतो, त्यामुळे गुणाकार खऱ्यापेक्षा बराच जास्त निघतो. म्हणून जिथे शक्य तिथे वॅटमीटरच.

रात्रीचा हिशेब, वॅटमध्ये :

चालू राहिलेले आठ डेस्कटॉप – ३६०
यूपीएसचा स्वतःचा खप – २८०
बाहेरचा नावाचा बोर्ड – १५०
डिस्पेन्सर, सरासरी – ११०
डेटा साठवणारा नॅस आणि नेटवर्क स्विच – ९०
सीसीटीव्ही – ७०
फ्रिज – ६०
प्रिंटर – ३०
चार्जर, एसीचे स्टँडबाय आणि किरकोळ – ५०

यूपीएसचा आकडा सगळ्यांना खटकला. आत येणारी वीज वजा बाहेर जाणारी वीज, असा तो काढला आहे. ऑनलाइन यूपीएस एसीची डीसी करतो आणि पुन्हा एसी करतो, लोड असो वा नसो. दिवसा पूर्ण लोडवर हा तोटा टक्केवारीत लहान दिसतो. रात्री ९० वॅटचा नॅस चालवायला २८० वॅट जळतात.

१४ फेब्रुवारी

बोर्ड आणि डिस्पेन्सरला टायमर. बोर्ड रात्री १० ला बंद, डिस्पेन्सर सकाळी ८:३० ते संध्याकाळी ७. डिजिटल टायमर घेतला, आत बॅटरी असलेला. खाचांच्या चकतीचा टायमर स्वस्त पडतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळ थांबतं आणि तेवढा वेळ मागे राहतं. सातपूर-अंबडकडे देखभालीसाठी तासन् तास वीज बंद असते. महिन्याभरात बोर्ड दुपारी उजळू लागेल. डिस्पेन्सरच्या हीटरसाठी टायमर १६ अँपिअरचाच हवा, ६ चा नको.

रात्रीचं रीडिंग : १३.१ युनिट.

२० फेब्रुवारी

कॉम्प्युटर. "जाताना बंद करा" असा कागद चिकटवून काही होत नाही. तो आधीपासून चिकटवलेला होता. सेटिंगच बदलली : स्क्रीन ५ मिनिटांनी बंद, मशीन २० मिनिटांनी स्लीप. स्क्रीनसेव्हर काढून टाकला. त्यात वीज वाचत नाही, उलट काही स्क्रीनसेव्हर मशीनला झोपू देत नाहीत. स्लीपमध्ये एक मशीन दोन वॅटच्या आसपास घेतं.

इथे अडचणी आल्या त्या अशा :

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका डेस्कटॉपच्या शेअर फोल्डरमध्ये होता. ते मशीन झोपलं की बाकी सगळ्यांचं टॅली अडकायचं, आणि एंट्री अर्धवट असेल तर डेटा खराब व्हायची भीती. डेटा नॅसवर हलवता आला असता, पण हिशेब विभागाने मार्चअखेरपर्यंत हात लावायला नकार दिला, आणि ते रास्त आहे. तूर्त त्या एका मशीनला स्लीप नाही; टास्क शेड्युलरमधून रात्री ८ ला शटडाउन, आधी दहा मिनिटांची सूचना. जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या मासिक विवरणपत्राची मुदत २० तारखेची, म्हणून दर महिन्याच्या १८ ते २० ला हे शटडाउन लागू नाही.

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा नेटवर्क परवाना स्लीपनंतर तुटतो. त्या चार मशीनना स्लीपऐवजी ४५ मिनिटांनी हायबरनेट; उघडायला थोडा वेळ लागतो पण काम शाबूत राहतं.

दोन मशीन मध्यरात्री आपोआप जागी होत होती. कारण अपडेट. पॉवर ऑप्शन्समध्ये "वेक टायमर" बंद केल्यावर थांबली.

रीडिंग : ८.४.

२७ फेब्रुवारी

यूपीएस. नॅस, राउटर, स्विच आणि सीसीटीव्ही ६०० व्हीएच्या छोट्या लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसवर हलवले, म्हणजे वीज असताना ती जवळजवळ तशीच पुढे सोडणाऱ्या. त्याचा स्वतःचा खप २० वॅटच्या आत. मोठा यूपीएस आता संध्याकाळी पूर्ण बंद.

बंद करण्याचा क्रम दाराजवळ लिहून लावला आहे आणि तो पाळायलाच हवा. आधी यूपीएसच्या पॅनलवरून इन्व्हर्टर बंद, पडदा विझेपर्यंत थांबायचं, मग इनपुट एमसीबी, म्हणजे वीज आत आणणारा स्विच, खाली. उलटं केलं, म्हणजे नुसती इनपुट एमसीबी पाडली, तर यूपीएसला वाटतं वीज गेली. तो बॅटरीवर जातो आणि बॅटऱ्या रिकाम्या होईस्तोवर पिळून काढतो. लेड-ॲसिड बॅटरी अशी खोलवर रिकामी होत गेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. वाचलेल्या विजेच्या कितीतरी पट पैसे नव्या बॅटरीत जातात. रात्रभर चार्जिंग नसल्याने काही बिघडत नाही, चांगल्या बॅटरीत एका रात्रीत गळती नगण्य असते. पण चार-पाच दिवसांची सुट्टी असेल, उदाहरणार्थ दिवाळी, तर आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज झाल्याची खात्री करूनच बंद करायचा.

प्रिंटरचा स्लीप टाइम ६० वरून ५ मिनिटांवर. लेझर प्रिंटरचा फ्यूझर, म्हणजे शाई तापवून कागदाला चिकटवणारा भाग, तापताना मोठा झटका घेतो, म्हणून सारखं झोपवणं-उठवणंही परवडत नाही. पण या ऑफिसात छपाई सकाळी अकरा आणि दुपारी चारच्या सुमारास घोळक्याने होते, त्यामुळे ५ मिनिटं जमतात.

रीडिंग : ४.६. उरलेलं नॅस, कॅमेरे, फ्रिज. यांना हात लावणार नाही.

५ मार्च

कागद. ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए४ कागद ४.६८ ग्रॅमचा, कारण ए४ म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. ५०० कागदांचं रिम २.३४ किलो. हा आकडा हाताशी असला की रद्दीच्या वजनावरून छपाईचा अंदाज येतो.

सगळ्या मशीनवर दोन्ही बाजूंची छपाई डीफॉल्ट, रंगीत बंद, आणि प्रिंटरवर जाऊन पिन टाकल्याशिवाय कागद बाहेर येत नाही. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम सर्वांत जास्त. "चुकून दोनदा प्रिंट दिला"वाला गठ्ठा ट्रेवरून नाहीसा झाला.

एका बाजूने वापरलेले कागद पुन्हा प्रिंटरमध्ये घालायचे नाहीत. एकदा फ्यूझरमधून गेलेला कागद वळलेला असतो, क्वचित पिन राहून गेलेली असते; जॅम होतो आणि पिनने ड्रमला ओरखडा पडला तर सगळी बचत त्यात जाते. त्यांचे अर्धे कापून पॅड बांधून घेतले.

जुन्या फायली काढायची घाई नको. जीएसटीची हिशेबपुस्तकं आणि कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. वाद चालू असेल तर आणखी. त्यापलीकडचं श्रेडरमध्ये. श्रेडरचा चुरा रद्दीवाला नाखुशीने घेतो. तो बाजूला ठेवला आहे, पुढे लागणार आहे. थर्मल पावत्या, म्हणजे पेट्रोल पंपाच्या आणि कार्ड मशीनच्या गुळगुळीत चिठ्ठ्या, त्यात मिसळायच्या नाहीत. त्यांवर रसायनाचा लेप असतो.

१७ मार्च

ऊन चढायला लागलं. वरचा मजला असल्याने छताचा स्लॅब दुपारभर तापतो आणि संध्याकाळी सातपर्यंत खाली ऊब सोडतो. एसी त्या स्लॅबशी भांडत असतात.

सोसायटीची परवानगी घेऊन छतावर पांढरा थर दिला. आधी वायर ब्रशने शेवाळ आणि सुटलेलं प्लास्टर काढलं, भेगा भरल्या, धुऊन पूर्ण वाळू दिलं. मग चुना : रात्रभर भिजवून कापडातून गाळलेला, त्यात चिकटा मिसळून, दोन हात एकमेकांना आडवे. काम सकाळी साडेनऊच्या आत. तापलेल्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि पापुद्रे सुटतात. निम्म्या भागावर तयार परावर्तक रंग मारला आहे, पावसाळ्यानंतर कोणता टिकतो ते पाहायला. दुपारी दोनला इन्फ्रारेड थर्मामीटरवर : शेजारचा कोरा स्लॅब ५८ अंश, चुन्याचा ४४, रंगाचा ४२.

पश्चिमेच्या तीन खिडक्यांना बाहेरून बांबूचे चिक. आतला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता काचेतून आत येऊन चुकलेली असते. ती बाहेरच अडवावी लागते. तिसऱ्या मजल्यावर वारा जोरात असतो, म्हणून चिकाच्या खालच्या काठीला दोन्ही टोकांनी नायलॉनची दोरी बांधली. वळवाच्या आधी ते गुंडाळायचे.

२१ मार्च

एसी. नव्या स्टार-रेटेड रूम एसीचं मूळ सेटिंग १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर येतं. इथे मात्र रिमोट १८ वर होते. १८ ठेवल्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त थांबायचं विसरतो. बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि वर पंखा दोनवर, असं ठरलं. नाशिकची मार्च-एप्रिलची हवा कोरडी असल्याने एवढ्यावर भागतं. तक्रार एकाच टेबलाची आली, तेही गारठ्याची : थेट झोताखाली बसणाऱ्यांची. झोताची पट्टी वर वळवली.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायचे, उन्हाळ्यात न चुकता. रस्त्याच्या कामांची धूळ इतकी आहे की पंधरवड्यात जाळीवर करडा थर बसतो. साध्या पाण्याखाली, धुळीच्या उलट बाजूने धार सोडून. घासलं की जाळी फाटते. सावलीत वाळवून मगच बसवायचे. एका बाहेरच्या युनिटसमोर फ्लेक्सचा जुना गुंडाळा उभा होता, गरम हवा तिथल्या तिथे फिरत होती. तो हलवल्यावर त्या एसीचा आवाजही उतरला.

२ एप्रिल

पंखे. जुने ७२ वॅट घेत होते, कमी वीज खाणाऱ्या मोटरचे नवे, बीएलडीसी, २८ घेतात. नऊ पंखे, नऊ तास : दिवसाला साडेतीन युनिटची बचत. जुना रेग्युलेटर काढून सरळ स्विचवर जोडायचे. रेग्युलेटरमधून चालवले तर पंखा धडधडतो आणि आतलं सर्किट बोर्ड उडतं. वायरमन हे सवयीने विसरतात. एका हॉलमध्ये एकाच कंपनीचे पंखे असले की एका रिमोटने दोन-दोन फिरतात. रिमोट जोडताना बाकी पंख्यांचे स्विच बंद ठेवायचे.

दिवे आधीच एलईडी होते. लक्समीटरने पाहिलं, पॅसेजमध्ये गरजेच्या दुपटीहून जास्त उजेड. टेबलावर ३०० ते ५०० लक्स पुरतात, पॅसेजला १०० भरपूर. सहा पॅनल काढले.

९ एप्रिल

पिण्याचं पाणी. पँट्रीतला आरओ (पडद्यातून क्षार गाळणारा फिल्टर) एक लिटर शुद्ध पाण्यामागे पावणेतीन लिटर मोरीत सोडत होता. दोन्ही नळ्यांखाली मापाची भांडी धरून मोजलं. नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, १४०. महापालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, मुळातच हलकं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. १४० च्या पाण्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी फेकून बेचव पाणी पिणं. आरओ काढून यूव्ही (अतिनील किरणांचा) आणि यूएफ (बारीक गाळणीचा) फिल्टर बसवला.

डिस्पेन्सर आणि २० लिटरचे जार बंद. जुन्या नाशकातून दोन माठ आणले, नळाचे. कोरड्या हवेत माठ उत्तम चालतो, जुलैत चालणार नाही. नवा माठ दोन-तीन दिवस पाणी भरून ओतून द्यायचा, बाहेरून रंग किंवा पॉलिश असेल तर घ्यायचाच नाही. छिद्रं बुजली की पाझर नाही आणि पाझर नाही तर गारवा नाही. आतून फक्त हाताने किंवा काथ्याने धुवायचा, साबण नाही. मातीत साबण मुरतो.

बेसिनच्या नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी : मिनिटाला ११ लिटरवरून ४ वर. फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली एक लिटरची बाटली. वीट टाकू नये, तिचा चुरा सुटून वॉशर खराब होतो.

१५ एप्रिल

ओला कचरा. दिवसाला अडीच किलोच्या आसपास : चहाचा चोथा, फळांची सालं, डब्यातलं उरलेलं. छिद्रं पाडलेले १०० लिटरचे दोन ड्रम, विटांवर उचललेले, खाली ताट.

तळाला नारळाच्या शेंड्या, वर चार इंच सुकं. मग एक भाग ओलं, दीड भाग सुकं, मूठभर शेणखत. सुक्यासाठी श्रेडरचा कागद, पानगळीचा पालापाचोळा आणि द्राक्षांच्या पेट्यांचा फाडलेला पुठ्ठा. निफाड-दिंडोरीकडून ऑफिसात येणाऱ्या पेट्या फेब्रुवारीपासून साठवून ठेवल्या होत्या. चकचकीत छपाईचा पुठ्ठा आणि चिकटपट्टी काढायची.

चोथा दुधासाखरेच्या चहाचा असतो. तसाच टाकला तर मुंग्या आणि चिलटं. गाळण्यातच एकदा पाण्याने धुऊन, पिळून टाकायचा. टी-बॅगा फाडून पानं तेवढी आत. पिशवीत बऱ्याचदा प्लास्टिकचा धागा असतो.

शुक्रवारच्या मिसळीची तर्री ड्रममध्ये नाही. तेलाचा तवंग कचऱ्यावर बसला की हवा आत जात नाही. ती पुसून घंटागाडीच्या ओल्या डब्यात.

६ मे

ड्रममध्ये उग्र वास. कारण सापडलं : श्रेडरचा कागद ओला होऊन थापी बसली होती आणि त्यात हवा उरली नव्हती. सगळं उपसून हाताने मोकळं केलं, पालापाचोळा आणि पुठ्ठ्याचे जाड तुकडे मिसळले. वास दोन-तीन दिवसांत गेला. आता सुक्यात बारीक कागद निम्म्याहून कमी. ओलावा मुठीने तपासायचा : घट्ट दाबल्यावर एखादा थेंब यावा. धार लागली तर सुकं घाला, मूठ उघडताच सगळं विस्कटलं तर पाणी शिंपडा.

१९ मे

टीडीएस पुन्हा घेतला : ६२०. महापालिकेचं पाणी बदललेलं नाही. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की इमारतीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळलं जातं. वॉचमनकाकांनी वेळाही सांगितल्या. म्हणून एप्रिलच्या एका रीडिंगवर फिल्टर ठरवणं धोक्याचं. मे आणि ऑगस्ट दोन्ही पाहावे लागतात, आणि ऑफिसच्या नळावरच. आरओ परत आणलेला नाही. सोसायटीशी बोलून पँट्रीच्या नळासाठी पालिकेच्या पाण्याची वेगळी ३०० लिटरची टाकी बसवली, बोअरच्या लाइनशी न जोडलेली. त्यानंतर १५०.

एरेटरची धार मात्र बोअरच्या क्षारांनी वाकडी झाली. जाळ्या काढून लिंबाच्या फुलाच्या (सायट्रिक ॲसिडच्या) पाण्यात तासभर बुडवल्या.

१२ जून

ई-कचरा. माळ्यावर : तीन मॉनिटर, दोन सीपीयू, कीबोर्डांची पोती, उडालेले यूपीएस, खोकाभर सीएफएल. ई-कचरा नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यातली "मोठा ग्राहक" ही व्याख्या वर्षात किमान १,००० उपकरणं वापरणाऱ्यांना लागू होते, हे ऑफिस त्यात बसत नाही. तरीही भंगारवाल्याला दिलं नाही. तांब्यासाठी वायर जाळली जाते आणि उरलेलं नाल्यात जातं. नोंदणीकृत रिसायकलरकडे वजन करून, पावती घेऊन.

हार्ड डिस्क आधी काढून त्यांवरचा डेटा पुसला. न चालणाऱ्यांच्या चकतीतून ड्रिलने भोकं पाडली. सीएफएलमध्ये पारा असतो, त्यांचं खोकं वेगळं, काच फुटणार नाही असं बांधून. लेड-ॲसिड बॅटऱ्या या यादीत येत नाहीत. त्यांचे स्वतंत्र नियम आहेत आणि नवी घेताना विक्रेता जुनी परत घेतो.

१० जुलै

पाऊस. माठ उलटे करून ठेवले, पाणी आता फिल्टरमधून थेट. हवा दमट असल्याने एसी २६ वर चिकचिक होते. ड्राय मोडवर तेवढी वीज लागत नाही आणि बरं वाटतं. बऱ्याच दिवशी एसी लावावेच लागत नाहीत, खिडक्या उघडल्या की पुरे.

ड्रमवर पत्र्याचं छप्पर नसल्याने तिरप्या पावसाचं पाणी गेलं. आत राखाडी, जाडसर अळ्या झाल्या. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, कचरा फस्त करतात, काही करायचं नाही. मावशींना ते पटायला वेळ लागला. पहिल्या ड्रमचं खत चाळलं : काळं, पावसाच्या मातीचा वास, पुठ्ठ्याचे मोठे तुकडे परत दुसऱ्या ड्रममध्ये. आता कुंड्या आल्या. हवा शुद्ध होण्यासाठी नव्हे, एवढ्या खोलीत चार रोपांनी तसा काही फरक पडत नाही. खत कुठेतरी लागायला हवं म्हणून.

२५ ऑगस्ट

छताची पाहणी. चुना निम्म्याहून अधिक धुऊन गेला, परावर्तक रंग मळला पण टिकला. पुढच्या फेब्रुवारीत उरलेल्या भागावरही रंगच. चुना स्वस्त असला तरी दर वर्षी मजुरी द्यावी लागते.

रात्रीचं रीडिंग ६.९ निघालं. दोन डेस्कटॉपवर नव्याने विंडोज टाकताना पॉवर सेटिंग मूळपदावर गेली होती, आणि वीज वारंवार गेल्याने प्रिंटरही पुन्हा ६० मिनिटांवर आला होता. बोर्डाच्या टायमरची आतली बॅटरी संपली होती, बोर्ड रात्रभर जळत होता. तिन्ही दुरुस्त केल्यावर ४.७. नवीन मशीन लावण्याच्या चेकलिस्टमध्ये स्लीप आणि वेक टायमर या दोन ओळी घातल्या. मीटरचे फोटो आता महिन्यातून एकदा, पहिल्या मंगळवारी.

शिल्लक : दोन एसींच्या तांब्याच्या पाइपवरचं आवरण उन्हाने फाटलं आहे, ते दसऱ्याआधी बदलायचं. टॅलीचा डेटा ऑडिट संपल्यावर नॅसवर. ड्रमवर पत्रा.